गाळलेली ओळ

१६ जून १७७६, रविवार

आज चर्च सुटल्यावर कर्नल स्ट्राऊडसाहेबांनी आवारातल्या ओकखाली उभं राहून विल्यम्सबर्गला भरलेल्या आमच्या व्हर्जिनियाच्या सभेचा हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखवला. ऊन मी म्हणत होतं, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटचं कलम धर्माचं होतं. ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल तसा देव भजावा, जबरदस्ती कोणी कोणावर करू नये. ऐकून छाती भरून आली. सवयीने मी खणखणीत 'आमेन' म्हणालो आणि सगळं आवार हसलं. इथे मला जोसायस पेटवे म्हणून कोण हाक मारतो? सगळ्यांचा मी आमेनबुवा.

हसोत बापडे. वीस वर्षं मी या चर्चमध्ये पाद्रीसाहेबांच्या खालच्या मेजाशी बसतोय. पाद्री मॉड्सले वरून एक ओळ म्हणतात, मी लोकांच्या वतीने खालून उत्तर देतो. लोक नुसते पुटपुटतात, आवाज काय तो माझा. आठवडाभर तंबाखूची पिंपं बांधून हात सोलतात, पण रविवारी त्या मेजाशी बसलो की वाटतं, देवाच्या कानाशी माझीच वाट आहे.

घरी येऊन केझायाला कलम सांगितलं. ती बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. म्हणाली, "मग बाबा, आता माझं लग्न लग्न झालं का?"

गेल्या वर्षी पोरीने एनॉक स्टॅम्परशी लग्न केलं ते बॅप्टिस्टांच्या उपदेशकाकडून, धान्याच्या कोठारात. उपदेशक तर आमच्याच तुरुंगात जाऊन आलेला. लोक त्यांना 'बुडवे' म्हणतात, मोठ्या माणसांना ओढ्यात बुचकळून काढतात म्हणून. एनॉक पोरगा लाखातला, त्याबद्दल दुमत नाही. पण व्हर्जिनियात लग्न लावायचा अधिकार आमच्या सरकारी चर्चच्या पाद्रीला, दुसऱ्या कोणाला नाही. बाकी सगळा पोरखेळ. आणि पोरखेळातलं मूल कायद्याने अनौरस, बापाचं वारस नाही. तसलं मूल चर्चचा कारभारी उचलतो आणि मोठं होईपर्यंत कोणाच्या तरी घरी राबायला बांधून देतो. माझ्या डोळ्यांसमोर किती बांधून दिली. चर्चचे कारभारी म्हणजे कर्नलसाहेबच.

पण तोड काढली आहे. राजाविरुद्ध लढणाऱ्या पलटणीत गेलेला एनॉक रजेवर आला की पाद्रीसाहेब गुपचूप दोघांचं लग्न लावून देणार. पाव घटकेचं काम. मूल यायच्या आत झालं म्हणजे झालं.

२३ जून, रविवार

केझाया ऐकायला तयार नाही. "दुसऱ्यांदा लग्न केलं म्हणजे पहिलं खोटं होतं असं मीच कबूल केलं. मग इतके महिने मी कोण होते, बाबा?"

टॅबिथा म्हणाली, "अगं, तुझ्या पोटातल्यासाठी म्हणते मी."

"पोटातल्यासाठीच मी पण म्हणते, आई."

हिचा हट्ट माझ्या आईवर गेलाय. एनॉक आला की तो समजावेल. तो शहाणा आहे. त्याला ना आई, ना बाप, ना भाऊ. ओढ्याकाठचं तेवढं रान काय ते त्याचं. कर्नलसाहेब आज त्या रानाचीही चौकशी करत होते, एनॉक परत आल्यावर काय पेरणार म्हणून. एवढा मोठा माणूस, गरिबाच्या पेरणीची आठवण ठेवतो.

२१ जुलै, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

राजाशी आपला संबंध संपला. विल्यम्सबर्गहून हुकूम आला की प्रार्थनेत राजाचं नाव जिथे जिथे आहे तिथे ते गाळायचं. सकाळी पाद्रीसाहेबांनी मला त्यांच्या पुस्तकातली काट मारलेली पानं दाखवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बिचारे लंडनला जाऊन राजाच्या नावाने शपथ घेऊन पाद्री झालेले. म्हणाले, "पेटवे, 'हे प्रभो, राजाचं रक्षण कर' ही माझी ओळ गेली. आणि तिच्यापाठोपाठ तुमची."

"माझी कशाला, साहेब? माझ्या ओळीत राजा कुठे आहे?"

"हुकूमच आहे. दोन्ही गाळायच्या."

माझी ओळ अशी: 'आणि आम्ही तुझा धावा करू तेव्हा दया करून आमचं ऐक.' यात राजाला काय पडलंय? पण हुकूम तो हुकूम.

प्रार्थना सुरू झाली. पाद्रीसाहेब त्या जागी आले आणि थांबले. पुढची ओळ सापडेना म्हणून असेल, की जीभ अडली म्हणून असेल, पण थांबले. आणि त्या शांततेत माझं तोंड आपोआप उघडलं. वीस वर्षांची सवय. 'आणि आम्ही तुझा धावा करू तेव्हा दया करून आमचं ऐक!' एकटा माझाच आवाज, छतापर्यंत. माना वळल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "राजाचा कुत्रा!"

घरी येताच टॅबिथाने खिडक्या लावून घेतल्या. मग म्हणाली, "तोंडाला कुलूप घालायचं होतं ना, आमेनबुवा!"

२३ जुलै, मंगळवार

कर्नलसाहेबांनी बंगल्यावर बोलावलं. अंगणात उभा राहिलो, टोपी हातात. म्हणाले, "पेटवे, खालच्या नदीकडे असल्या माणसांना डांबर फासून पिसं चिकटवतात. ठाऊक आहे ना?"

मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. म्हणालो, सवयीने बोललो साहेब, मनात काही नव्हतं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी सांभाळून घेईन. मात्र लक्षात ठेवा, कोणी सांभाळलं ते."

देव त्यांचं भलं करो. आता त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलंय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

एनॉक गेला. लढाईत नाही, छावणीत, तापाने. त्याच्या तुकडीतला माणूस निरोप घेऊन आला. त्याला अंगावरच्या घोंगडीतच पुरलं म्हणे.

केझाया अंगणात शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि सोलतच राहिली. टोपली भरली तरी रिकाम्या हाताने सोलत होती. टॅबिथाने तिचे हात धरले तेव्हा थांबली.

आता कोण कोणाशी लग्न लावणार? माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला. जावई मेला त्या दिवशी सासऱ्याच्या डोक्यात असा विचार यावा!

२७ ऑगस्ट, मंगळवार

मुलगा झाला. केझायाने त्याचं नाव 'असा' ठेवलं, बायबलातल्या राजाचं. असा स्टॅम्पर. एनॉकचे बाहेर आलेले कान जसेच्या तसे. टॅबिथा म्हणाली, "टोपी घालायची सोय नाही, कानांवरच अडकेल." केझाया हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी बाहेर येऊन एका पिंपाच्या फळ्या उगाच पुन्हा ठोकत बसलो, कारण डोळे भरून आले होते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

असाला ताप. अंग असं तापलं की हात ठेववेना. आज उतार आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. पोराच्या डोक्यावर पाणी नाही पडलेलं. बुडवे लहान मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. म्हणतात, मोठा होऊन त्यालाच कळू दे. आणि मोठा झालाच नाही तर? बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या पोरासाठी आमच्या चर्चमध्ये दफनाची प्रार्थनासुद्धा म्हणत नाहीत. मी स्वतः अशा दोन शवपेट्या बिनाप्रार्थनेच्या खड्ड्यात उतरवल्या आहेत. त्या आयांकडे मला बघवलं नव्हतं.

केझायाकडे विषय काढला. ती नुसतं म्हणाली, "नाही, बाबा."

टॅबिथा मागच्या दारी मला हळूच म्हणाली, "चार थेंब पाणी. तिला कळायचंही नाही."

२६ सप्टेंबर, गुरुवार

पाद्रीसाहेबांशी बोललो. रविवारी केझाया ओढ्यापलीकडे सभेला जाणार आहे, तिथे एनॉकसाठी प्रार्थना आहे. पोराचा ताप नुकताच गेलाय म्हणून त्याला घरी ठेवणार. तेवढ्यात उरकायचं. मुलाला दोन धर्मपिते लागतात. एक मी. दुसरे म्हणून मी भीत भीत कर्नलसाहेबांना विचारलं, आणि ते चटकन हो म्हणाले! त्यांचा हात पोराच्या डोक्यावर म्हणजे मग कोणाची टाप आहे त्याला उचलायची? कारभारी स्वतःच धर्मपिता. इतके दिवस हे सुचलं कसं नाही मला?

निघताना विहिरीवर सुकी भेटली, पाद्रीसाहेबांची गुलाम स्वयंपाकीण. तिने सगळं ऐकलेलं असावं. म्हणाली, "मालक, पोराला घरातच राहू द्या. मोठे लोक ज्याच्यावर हात ठेवतात ना, ते मग घेऊन जातात."

वसंतात कर्नलसाहेबांनी पाद्रीसाहेबांकडून तिची धाकटी विकत घेतली आणि कॅरोलायनाकडे पाठवली, तेव्हापासून सुकी असंच काहीबाही बोलते. तिच्या हातचे पाव मात्र अजून पूर्वीसारखेच हलके होतात.

२९ सप्टेंबर, रविवार

झालं. असाच्या डोक्यावर पाणी पडलं. रडला नाही, शिंकला फक्त.

एक गोष्ट मात्र टोचते आहे. बाप्तिस्म्याआधी मूल कोणाचं ते मीच पुकारायचं, हा माझ्या मेजाचा रिवाज. घरून ठरवून गेलो होतो, 'केझाया स्टॅम्पर हिचा मुलगा' असं पुकारीन. उभा राहिलो. पण त्या भिंतींच्या आत चर्चने न लावलेल्या लग्नाचं नाव मी वीस वर्षांत कधी घेतलेलं नाही. जीभच वळेना. समोर कर्नलसाहेब माझ्याकडे बघत होते. तोंडातून आलं, "केझाया पेटवे हिचा मुलगा, असा."

कर्नलसाहेब म्हणाले, "पुन्हा एकदा, पेटवे. नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हणालो. यंदा त्यांना जरा कमी ऐकू येतंय वाटतं.

"पेटवे," ते म्हणाले. "स्टॅम्पर नाही." आणि बाकांकडे वळून हसले.

असू दे. देवाला आडनावाशी काय करायचंय? पोर सुरक्षित झालं, हे महत्त्वाचं.

३० सप्टेंबर, सोमवार

केझायाला कळलं. ओढ्यावर कपडे धुताना शेजारणीने अभिनंदन केलं म्हणे. घरात आली आणि ओल्या हातांनीच उभी राहिली.

"कोणाचा मुलगा म्हणून पुकारलंत, बाबा?"

मी सांगितलं.

मला वाटलं आरडाओरडा करेल. तिने असाला उचललं, माळ्यावरच्या आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. टॅबिथा माझ्यावरच उखडली, जणू चार थेंबांची गोष्ट तिने काढलीच नव्हती!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मी मूर्ख आहे. इतकंच लिहायचं होतं, पण सगळं लिहितो.

कर्नलसाहेबांचा माणूस कागद घेऊन आला. कारभारी या नात्याने त्यांना कळलंय की या हद्दीत एक अनौरस मूल आहे. कशावरून? तर मुलाच्या आजोबांनी, भर चर्चमध्ये, सगळ्यांदेखत तसं पुकारलं. दोनदा. मुलाला चर्चच्या वतीने बांधून देण्यात येईल. चर्चच्या पंचांपुढे हजर राहा.

तोवर नुसती कुजबुज होती. कुजबुजीवर कारभाऱ्याला हात घालता येत नव्हता. साक्ष मी दिली.

धावत बंगल्यावर गेलो. म्हणालो, "साहेब, तुम्ही त्याचे धर्मपिता!"

"म्हणूनच," ते म्हणाले, "त्याला मी माझ्याच गिरणीवर ठेवतोय. दुसरीकडे कुठे नाही पाठवत. गिरणीवाल्याच्या बायकोचं मूल गेलंय नुकतंच, अंगावर दूध आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत पोटाला मिळेल, काम शिकेल. आभार माना माझे."

आणि मी, सवयीने, आभार मानले.

परत येताना एनॉकच्या रानावरून आलो. कर्नलसाहेबांची माणसं ओढ्यापासून गिरणीच्या दिशेने चर खणत होती. विचारलं तर मुकादम म्हणाला, "बिनवारसाची जमीन आहे, म्हातारबा. तुला काय त्याचं?" खरंच, मला काय त्याचं? माझं चित्त पोरात होतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पंच बसले. बाराही हजर, सगळे मोठे जमीनदार, चर्चच्या शेजारच्या खोलीत शेकोटीपाशी. यातलेच चार-पाचजण जूनमध्ये ओकखाली त्या कलमाला टाळ्या वाजवत होते. केझाया असाला शालीत गुंडाळून उभी राहिली. पाद्रीसाहेब खाली मान घालून बसलेले.

कर्नलसाहेब आवाज अगदी मऊ ठेवून बोलत होते. "हे बघ पोरी, कोणाला तुझं वाईट करायचं नाहीये. एवढंच म्हण की माझं लग्न झालेलं नव्हतं, चूक झाली. दंड होईल, पण तुझा बाप जामीन राहील, आणि मूल तुझ्याकडे राहू शकेल."

मला वाटलं, सुटलो! मी तिच्या कानाशी लागलो. "म्हण गं बाई. चार शब्द आहेत. देवाला खरं काय ते ठाऊक आहे."

केझाया माझ्याकडे न बघता म्हणाली, "एनॉक स्टॅम्पर माझा नवरा होता. माझ्या धर्माने आमचं लग्न लावलं. तुमच्या स्वातंत्र्यासाठी तो छावणीत कुजून मेला. तो मेलाय, त्याला इथे येऊन बोलता येत नाही. मी म्हणाले की लग्न नव्हतं, तर तो व्यभिचारी ठरतो आणि हा जन्मभर कोणाचाच नाही. मी नाही म्हणणार."

"त्या कलमात तर लिहिलंय..." पाद्रीसाहेब एवढंच पुटपुटले.

"कलमात देव कसा भजावा ते लिहिलंय," कर्नलसाहेब म्हणाले. "लग्न आणि पोरं हा कायद्याचा मामला आहे."

मग मी पुढे झालो. म्हणालो, "तिच्या वतीने मी म्हणतो. वीस वर्षं सगळ्यांच्या वतीने मीच म्हणत आलोय. मी जामीन राहतो."

कर्नलसाहेब पंचांकडे वळले. "तुम्ही, पेटवे? जुलैत भर चर्चमध्ये राजासाठी धावा करणारा माणूस? तुमचा जामीन या देशात कोण धरणार?"

कोणीतरी हसलं. पंचांनी हात वर केले. बाराही हात.

केझाया वळली ती थेट दाराबाहेर. मी मागून हाक मारत होतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मुकादम आणि गिरणीवाल्याची बायको गाडी घेऊन आले. केझायाने असाला पाजलं. गिरणीवाली बिचारी दारातच उभी होती, म्हणाली, "पिऊ दे पोटभर, मला घाई नाही." पिता पिता तो झोपला. केझायाने त्याच्या कानांवरून टोपी नीट केली आणि स्वतःच्या हाताने तिच्याकडे दिला. म्हणाली, "याचं नाव असा स्टॅम्पर."

मुकादम म्हणाला, "कागदावर पेटवे आहे."

दुपारपर्यंत केझायाच्या पोलक्याचा पुढचा भाग भिजून गेला होता. टॅबिथाने गरम फडकी आणून दिली. मी कुठे बघावं ते मला समजेना, म्हणून छपरीत जाऊन बसलो.

१ डिसेंबर, रविवार

चर्च सुटल्यावर गिरणीवर गेलो. आत येऊ देत नाहीत, कुंपणापाशीच थांबलो. गिरणीचं चाक जोरात फिरत होतं, यंदा पाणी भरपूर सोडलंय. गिरणीवालीने पोराला खिडकीत धरलं. बाळसं धरलंय. ती त्याला खेळवत म्हणत होती, "पेटवे, ए पेटवे, बघ कोण आलंय." माझंच नाव, आणि मला ते ऐकवेना.

वाटेत सुकी भेटली, डोक्यावर लाकडं घेऊन. थांबली. मला वाटलं, मी सांगितलं होतं असं म्हणेल. तिने फक्त विचारलं, "खिडकीतून दिसतं का, मालक?"

"दिसतं," मी म्हणालो.

"मग बरंय," म्हणाली आणि गेली. तिची धाकटी आता केवढी असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आजही नाही विचारलं.

केझाया माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, पण गेल्या महिन्याच्या चौदा तारखेपासून माझ्याशी शब्द नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

विल्यम्सबर्गहून बातमी. नव्या वर्षापासून दुसऱ्या पंथाच्या लोकांनी आमच्या चर्चसाठी कर द्यायचा नाही. पाद्रीसाहेबांचा पगारही थांबणार. ओढ्यापलीकडे बॅप्टिस्टांनी शेकोट्या पेटवल्या, गाण्यांचा आवाज इथवर येत होता. त्यांचा उपदेशक सांगायला आला. तुरुंगाच्या गजांतून उपदेश करताना त्याच्या हातांवर लोकांनी चाबूक मारले होते, ते वळ अजून दिसतात. माणूस रडत होता आनंदाने. "सुटलो, केझायाबाई! चर्च वेगळं, सरकार वेगळं!"

केझायाने विचारलं, "लग्नांचं काय लिहिलंय?"

तो गडबडला. "लग्नांचं... अजून नाही. ते पुढे होईल."

"आणि पोरांचं?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. केझायाने त्याला सफरचंदाचं सायडर दिलं आणि दारापर्यंत पोचवलं.

पाद्रीसाहेब दुपारी भेटले. म्हणाले, "पेटवे, आता पाद्री जाणार. कारभारी मात्र राहणार." मला त्यांची पहिल्यांदाच चीड आली. बारा हात वर झाले तेव्हा तोंड शिवलं होतं का यांचं? मग आठवलं, माझं तोंड तर उघडं होतं. त्याने काय भलं झालं?

२२ डिसेंबर, रविवार

माझं मेज गेलं. कसं ते लिहून ठेवतो, कारण गावात उद्या वेगळंच सांगतील.

नाताळच्या आधीचा रविवार म्हणून चर्च भरलेलं. खाली जमीनदार, वर माळ्यावर त्यांचे गुलाम. कर्नलसाहेब पहिल्या बाकावर. प्रार्थना नेहमीसारखी चालली. पाद्रीसाहेब म्हणत होते, मी उत्तर देत होतो. जिभेला सगळं पाठ, मन गिरणीच्या खिडकीत. मग ती जागा आली. पाद्रीसाहेब तिथे आता थांबत नाहीत, सरळ पुढे जातात. त्यांनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.

मी उठून उभा राहिलो. खालच्या मेजाशी कोणी असं मधेच उभं राहत नाही. पाद्रीसाहेब अडखळले. मी कर्नलसाहेबांकडे बघितलं नाही, पुस्तकाकडेही नाही. वर बघितलं आणि म्हणालो, "आणि आम्ही तुझा धावा करू तेव्हा दया करून आमचं ऐक."

या वेळी सवय नव्हती. वीस वर्षांत ही ओळ मी हजार वेळा म्हणालो असेन. लोकांच्या वतीने म्हणालो, राजाच्या पाठोपाठ म्हणालो. माझ्यासाठी आज पहिल्यांदा म्हणालो. आवाज मात्र फुटला, खणखणीत निघाला नाही.

खाली सगळे दगड झालेले. वर माळ्यावरून एक बाई म्हणाली, "आमेन." मान वर करून बघितलं तर सगळ्यांच्या नजरा आपापल्या गुडघ्यांवर.

कर्नलसाहेब उठले. "बाहेर काढा या राजाच्या माणसाला."

दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं. मी आपणहून गेलोही असतो. आवारात ओकखाली थोडा वेळ बसलो. आतून प्रार्थना पुढे चाललेली ऐकू येत होती. माझ्या जागी कोणीतरी उत्तर देत होतं, चाचरत, चुकीच्या ठिकाणी.

घरी आलो तो बातमी माझ्याआधी पोचली होती. टॅबिथा एप्रन तोंडाला लावून बसली होती; आता खाणार काय, पिंपं कोण घेणार आपली. केझाया चुलीपाशी मक्याची भाकरी थापत होती. माझ्याकडे वळली.

"बाबा."

इतक्या दिवसांनी हाक मारली.

"काय म्हणालात तुम्ही तिथे?"

मी तिला ओळ म्हणून दाखवली. आणि आम्ही तुझा धावा करू तेव्हा दया करून आमचं ऐक. म्हणताना मी तिच्याकडेच बघत होतो. देवाने नाही ऐकलं तरी चालेल, हिने ऐकावं, असं वाटत होतं.

तिने हातावरचं पीठ झटकलं. मग पुन्हा चुलीकडे वळली.

"ती ओळ गाळलीये, बाबा," ती म्हणाली.